डॉप्लरची रंगीत तालीम

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक क्षितिजावर उगवतं आणि साधारण दहा मिनिटांत मावळतं. त्यावरचा हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र) ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतो. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६६ किलोमीटर, त्यामुळे येताना सिग्नल सुमारे १० किलोहर्ट्झ वर सरकलेला असतो, जाताना जवळपास तेवढाच खाली. वेगामुळे वारंवारतेत पडणारा हा फरक म्हणजे डॉप्लर. हे सरकणं आपल्या रिसीव्हरला झेपतं का, हे ऐन वेळी तपासायला बसलं तर ती दहा मिनिटं वाया जातात. म्हणून तालीम आधी लॅपटॉपवर, जीएनयू रेडिओ कंपॅनियनमध्ये. सिग्नलवर प्रक्रिया करणारं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ठोकळे मांडायचे, जोडायचे, चालवायचे.

सिग्नल कॉम्प्लेक्सच हवा. रिअल सिग्नलला साइन लहरीने गुणलं, तर एक प्रत वर जाते आणि एक खाली. खऱ्या डॉप्लरमध्ये असं होत नाही. कॉम्प्लेक्स सिग्नल म्हणजे फिरणारा बाण. त्याला दुसऱ्या फिरत्या बाणाने गुणलं की तो एकाच बाजूला सरकतो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची (सॅम्पलची) संख्या, ४८ किलोहर्ट्झ असेल, तर १० किलोहर्ट्झच्या सरकण्यासाठी प्रत्येक सॅम्पलला ७५ अंशांचा जादा फेरा द्यावा लागतो.

आता मांडणी. निळ्या (कॉम्प्लेक्स) पोर्टचा सिग्नल सोर्स, १ किलोहर्ट्झवर. दुसरीकडे फाइल सोर्स, नारिंगी (रिअल) पोर्टचा. त्यात डॉप्लरचा आकडा हर्ट्झमध्ये, दर सॅम्पलला एक. दहा मिनिटांची ही फाइल सुमारे ११५ मेगाबाइट होते. ती व्हीसीओ कॉम्प्लेक्सला, म्हणजे मिळालेल्या आकड्याप्रमाणे वारंवारता बदलणाऱ्या ठोकळ्याला, द्यायची आणि तिथे सेन्सिटिव्हिटी ६.२८३२, म्हणजे २π, ठेवायची. चुकून १ राहिली, तर १० किलोहर्ट्झऐवजी जेमतेम १.६ दिसतात. मग दोन्हींना गुणणारा मल्टिप्लाय, चालण्याचा वेग आवरणारा एकच थ्रॉटल आणि शेवटी वारंवारता वेळेनुसार दाखवणारा वॉटरफॉल.

व्हीसीओच का? कारण तो फेज (बाणाचा कोन) साठवत जातो, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. अनेक जण त्या क्षणाची वारंवारता गुणिले वेळ करून फेज काढतात. वारंवारता स्थिर असेल तर ते चालतं. डॉप्लर मात्र बदलत राहतो. स्थानक डोक्यावर असताना तो सेकंदाला सुमारे १९० हर्ट्झने घसरतो. पास, म्हणजे स्थानकाची उगवण्यापासून मावळण्यापर्यंतची फेरी, सुरू होऊन ३०० सेकंद झालेले असतात, तेव्हा सरकणं शून्य असायला हवं. या सूत्राने ते उणे ५७ किलोहर्ट्झ येतं. ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटमुळे आपला पट्टा उणे २४ ते अधिक २४ एवढाच. म्हणून ते वळून उणे ९ वर उमटतं, आणि चूक खऱ्यासारखी दिसते! प्रत्येक सॅम्पलची फेजवाढ आधीच्या बेरजेत मिळवत जाणं, हाच खरा मार्ग.

फाइल लहान करायला सेकंदाला एकच आकडा ठेवून रिपीट ठोकळा लावला, तर मध्यावर १९० हर्ट्झच्या पायऱ्या पडतात. मधले आकडे रेषीय पद्धतीने भरून घ्यावेत.

नुसतं सरकवणं अरुंद रेडिओ सिग्नलला पुरतं. पाण्याखालच्या ध्वनीला पुरत नाही: तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, त्यामुळे ३ मीटर वेगाची होडीसुद्धा सगळा सिग्नल ०.२ टक्क्याने आक्रसते किंवा ताणते. तिथे रीसॅम्पलिंग, म्हणजे सॅम्पलमधलं अंतरच बदलणं, लागतं.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाची ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासची क्षीण वाहक लहर पृथ्वीवरून टिपली. उतरण्याच्या अपेक्षित क्षणाआधीच ती थांबली. इतक्या क्षीण लहरीतला डॉप्लर आधी काढून टाकला नाही, तर तिची ऊर्जा शेजारच्या वारंवारतांच्या खान्यांत पसरते आणि रेष गोंगाटात बुडते.

तोच उलटा प्रयोग आपल्या मांडणीत करता येतो. दुसरा बाण उलटा फिरवून गुणणाऱ्या मल्टिप्लाय कॉन्जुगेट ठोकळ्याला सरकलेला सिग्नल आणि तोच व्हीसीओ द्या. वाकडी रेष १ किलोहर्ट्झवर सरळ उभी राहते. आता व्हीसीओच्या या जोडणीत ४८,००० सॅम्पलचा डिले टाका, म्हणजे एक सेकंदाचा उशीर. दोन्ही टोकांना रेष जवळपास जागेवर राहते; मध्यावर मात्र १९० हर्ट्झचा बाक येतो. खऱ्या पासला संगणकाचं घड्याळ एक सेकंद चुकलं, तर हाच बाक दिसेल.