बारा माणसे कोठून आणायची? : पोलिसांवरील खटले आणि ज्यूरीचा निःपक्षपातीपणा

मित्रहो, पोलीस अधिकारी आरोपी असलेल्या खटल्याचा निकाल लागला की अमेरिकेत पहिला संशय ज्यूरीवर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांवर, घेतला जातो. सुटका झाली तर ज्यूरी वर्दीपुढे नमली असे म्हणतात, शिक्षा झाली तर ती रस्त्यावरच्या जमावाला घाबरली असे म्हणतात. बारा अनोळखी माणसांच्या मनात डोकावण्याची सोय ना न्यायालयाकडे असते, ना आपल्याकडे. त्यामुळे त्या मनांविषयी मी आज फारसे बोलणार नाही. ही माणसे कोठून आणली जातात आणि कशी निवडली जातात, हे मात्र कागदावर तपासता येते, आणि माझ्या मते शंकेचे खरे मूळ तिथेच आहे.

३ मार्च १९९१ रोजी मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला रस्त्यावर पाडून दांडक्यांनी मारले आणि जवळच राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडे यांनी ते आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपले. त्यातला सुमारे ८१ सेकंदांचा भाग जगभर इतक्या वेळा दाखवला गेला की, लॉस एंजेलिस काउंटीत कोरी पाटी असलेला ज्यूरर मिळणार नाही, हा चार आरोपी पोलिसांचा युक्तिवाद अपील न्यायालयाने मान्य केला आणि खटला दुसरीकडे हलवण्याचा आदेश दिला. तो गेला शेजारच्या व्हेंचुरा काउंटीतील सिमी व्हॅली येथे. ठिकाण जवळचे आणि सोयीचे होते, पण ती चित्रफीत तिथल्या घराघरातही पोहोचलेली होतीच. बदलली ती फक्त वस्ती. लॉस एंजेलिस काउंटीत दर दहा माणसांमागे साधारण एक कृष्णवर्णीय होता, तर व्हेंचुरात शंभरामागे जेमतेम दोन-तीन. शिवाय लॉस एंजेलिसच्या दलातले अनेक पोलीस सिमी व्हॅलीतच घर करून राहत होते. निवडल्या गेलेल्या ज्यूरीत दहा गोरे, एक लॅटिनो आणि एक फिलिपिनो वंशाची व्यक्ती होती.

बचाव पक्षाने या ज्यूरीपुढे जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. सरकार पक्षाला वाटत होते की चित्रफीत एकदा दाखवली की बाकी काही सांगायला नको. बचावाने तीच चित्रफीत घेतली आणि तिचा वेग काढून घेतला. एकेक चित्र थांबवून तज्ज्ञ साक्षीदाराला विचारले जाई, की या क्षणी किंगचा पाय दुमडलेला आहे का, कोपर जमिनीवरून उचलले गेले आहे का, तो उठू पाहतो आहे असे समोरच्या पोलिसाला वाटू शकते का. वेगात पाहताना जी मारहाण दिसत होती, तिचे अशा रीतीने सुटे सुटे निर्णय झाले, आणि प्रत्येक निर्णय पोलिसाच्या जागी उभे राहून तपासण्याचे आवाहन ज्यूरीला केले गेले. बळाच्या वापराकडे असे पाहण्याला कायद्याचाही आधार होता. पोलिसाने वापरलेले बळ मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नव्हे, तर त्या जागी असलेल्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेने जोखावे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ग्रॅहम विरुद्ध कॉनर या दिवाणी दाव्यात म्हटले होते आणि पुढे तो निकष फौजदारी खटल्यांतही झिरपला. हा निकष मला मुळातून चूक वाटत नाही. मात्र ज्याने पोलीस फक्त मदतीला आलेला पाहिला आहे, त्याला त्या अधिकाऱ्याच्या नजरेत शिरणे सोपे जाते. ज्याला वरचेवर रस्त्यात अडवून ज्याची झडती घेतली गेली आहे, त्याला ते जड जाते. म्हणजे ज्यूरर कोणत्या वस्तीतला, या प्रश्नाचे वजन हा निकष आणखी वाढवतो.

२९ एप्रिल १९९२ रोजी, एका आरोपीवरील एका आरोपाबाबत झालेले मतभेद वगळता, सर्वांची सुटका झाली. त्यानंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे मेली. पुढच्या वर्षी केंद्रीय न्यायालयात नागरी हक्कांच्या भंगाचा नवा खटला चालला. यातली ज्यूरी अधिक विस्तृत प्रदेशातून घेतलेली होती व तिच्यात दोन कृष्णवर्णीय होते. चारपैकी दोघे, स्टेसी कून आणि लॉरेन्स पॉवेल, दोषी ठरले आणि त्यांना प्रत्येकी ३० महिन्यांची शिक्षा झाली. लगेच उलटी शंका निघाली, की शहर पुन्हा पेटेल या धास्तीने तर हा निकाल दिला गेला नाही?

ही शंका केवळ पोलिसांच्या पाठीराख्यांची म्हणून झटकता येत नाही. जानेवारी १९८९ मध्ये मायामीत विल्यम लोझानो या कोलंबियात जन्मलेल्या पोलिसाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय मोटारसायकलस्वार आणि त्यानंतरच्या अपघातात मागे बसलेला त्याचा साथीदार असे दोघे मृत्युमुखी पडले. मायामीच्याच ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. पण सुटका झाली तर हिंसाचार उसळेल हे भय ज्यूरीवर असल्याच्या कारणाने १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मग फेरखटल्यासाठी जागा शोधणे सुरू झाले. आधी ओरलँडो ठरले. लॉस एंजेलिस पेटल्यावर, ओरलँडोत कृष्णवर्णीय कमी म्हणून टॅलाहासी ठरले. टॅलाहासीत लॅटिनो जवळजवळ नाहीत, मग आरोपीच्या समाजाचे काय, अशी हरकत आली आणि खटला पुन्हा ओरलँडोत आला. तिथे १९९३ मध्ये लोझानो सुटला. आगीतून फुफाट्यात जावे तसा हा प्रवास आहे, आणि त्यात प्रत्येक टप्प्यावर न्यायाधीश जनगणनेचे आकडेच तर पाहत होते.

आपल्याला हे नवे वाटू नये. १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना दोषी ठरवले ते सात विरुद्ध दोन अशा मतांनी. सात ज्यूरर युरोपियन होते आणि दोन पारशी. ज्यूरी कशी बसवली आहे हे कळताच निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांना त्या काळी कोणी वेडे म्हटले नसते.

वस्तीनंतर प्रश्न येतो निवडीचा, कारण दोन्ही पक्षांना काही ज्यूरर नाकारता येतात. वांशिक कारणावरून ज्यूरर वगळण्यास बॅट्सन विरुद्ध केंटकी या १९८६ च्या निकालाने सरकार पक्षाला आणि १९९२ च्या एका निकालाने बचाव पक्षालाही मनाई केली. पण वंश किंवा लिंग सोडून दुसरे पटण्यासारखे कारण पुढे करता येते. ‘पोलिसांवर माझा विश्वास नाही’ हे उत्तर तर बहुतेक राज्यांत आयतेच कारण असते, आणि ते उत्तर कोणत्या वस्तीतून जास्त येणार हे सांगायला नको.

२०२१ मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येबद्दल पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिनवर मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिसमध्ये खटला चालला, तेव्हा न्यायाधीश पीटर काहिल यांनी जागा बदलण्यास नकार दिला. या प्रकरणाची प्रसिद्धी पोहोचली नाही अशी जागा मिनेसोटात उरलेलीच नाही, हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखवले. ज्यूररांना आधीच लांबलचक प्रश्नावली पाठवली होती, आणि तुमचे काही मत आहे का एवढ्यावर न थांबता ते बाजूला ठेवून पुराव्यावर निर्णय देता येईल का, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारले गेले. निवड चालू असतानाच शहराने फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर देण्याची तडजोड जाहीर केली, तेव्हा आधी निवडलेल्यांना पुन्हा बोलावून विचारले आणि दोघांना घरी पाठवले. न्यायालयाभोवती काटेरी तारांचे कुंपण होते, त्यामुळे शॉव्हिन दोषी ठरल्यावर भयाचा मुद्दा अपिलात आलाच. तो टिकला नाही. मला ही पद्धत सिमी व्हॅलीपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण अज्ञानी ज्यूरर शोधण्याचे सोंग तिने केले नाही.

खटला हलवणे टाळता येणारच नसेल, तर मूळ काउंटीशी लोकसंख्येची रचना जुळणाऱ्या काउंटीला प्राधान्य द्यावे, असे फ्लोरिडाच्या कायद्यात आता लिहिलेले आहे. सिमी व्हॅलीची निवड या कसोटीवर पहिल्याच पायरीला अडली असती.