वायरलेस डीबगिंग: आयपी एक, पोर्ट दोन

अ‍ॅप फोनवर चालवून बघताना केबल सारखी हलते, चार्जिंगचं सॉकेट सैल होतं आणि ऐन वेळी लॅपटॉपला फोन दिसेनासा होतो. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, यावरचा उपाय फोनमध्येच आहे: वायरलेस डीबगिंग, म्हणजे केबलऐवजी वायफायवरून फोन लॅपटॉपला जोडून अ‍ॅप तपासणं. तरी लातूर-नांदेडच्या होस्टेलवर तो करायला बसलं की घोडं हमखास दोन जागी अडतं: पोर्ट (आयपी हा उपकरणाचा नेटवर्कवरचा पत्ता, तर पोर्ट हा त्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर) आणि नेटवर्क. आज बोलायचं ते त्याबद्दल.

तयारी थोडक्यात सांगतो. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारा. सॅमसंगमध्ये तो सॉफ्टवेअर इन्फर्मेशनच्या आत असतो. शाओमीच्या जुन्या फोनात एमआययूआय व्हर्जनवर टिचक्या माराव्या लागतात. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायरलेस डीबगिंग चालू करा. लॅपटॉपवर प्लॅटफॉर्म टूल्स ३०.०.० किंवा त्यापुढचे हवेत. लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणारं एडीबी हे साधन त्यातच येतं. जुन्या एडीबीला 'पेअर' ही आज्ञाच ठाऊक नाही.

आता पोर्ट. पेअरिंग कोडचा पर्याय दाबला की ६ आकडी कोड, आयपी पत्ता आणि कोलननंतर पोर्ट दिसतो. टर्मिनलवर 'एडीबी पेअर' लिहून पुढे तो पत्ता-पोर्ट द्या, मग कोड. तोवर फोनवरची ती चौकट बंद करू नका. नव्याने उघडली की कोडही बदलतो, पोर्टही. पेअरिंग झालं म्हणजे नुसती ओळख पटली, जोडणी अजून व्हायचीय. वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर या, तिथला पोर्ट घ्या आणि 'एडीबी कनेक्ट' द्या. आयपी तोच, पोर्ट वेगळा. पेअरिंगचाच पोर्ट इथे दिला की काम फसतं, आणि आपण राउटरला दोष देत बसतो.

अँड्रॉइड स्टुडिओतून क्यूआर कोडनेही हे जमतं. पण त्यात फोन शोधायचं काम एमडीएनएस (नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधणारी पद्धत) करतं. त्यासाठी लागणारं मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेक उपकरणांना जाणारे निरोप, नेटवर्क अडवत असेल, तर कोड स्कॅन होऊनही पुढे काही घडत नाही. म्हणून हाताने पत्ता टाकता आलाच पाहिजे.

कनेक्ट फसलं तर आलेला एरर नीट वाचा, फसण्याचं कारण त्यातच असतं. विंडोजवर १००६१ आलं, तर फोनपर्यंत निरोप पोचला, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नव्हतं. पोर्ट पुन्हा बघा. १००६० आलं, तर निरोप पोचलाच नाही. मग फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर आहेत का, ते दोघांचे आयपी ताडून बघा, व्हीपीएन बंद करा. तरीही तेच, तर बहुधा क्लायंट आयसोलेशन आहे. कॉलेजच्या किंवा गेस्ट वायफायवर दोन उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. इंटरनेट झकास चालतं, म्हणून शंकाही येत नाही.

अशा वेळी तिसऱ्या फोनचं हॉटस्पॉट घ्या आणि लॅपटॉप व चाचणीचा फोन दोन्ही त्याला जोडा. चाचणीच्याच फोनचं हॉटस्पॉट बहुतेक वेळा चालत नाही, कारण वायरलेस डीबगिंगला तो फोन स्वतः वायफायला जोडलेला हवा असतो. डेटा पॅकची चिंता नको: ६० एमबीचं अ‍ॅप लॅपटॉपवरून फोनवर जाताना आतल्या आत जातं. ग्रेडल (अ‍ॅप बिल्ड करणारं साधन) इंटरनेटवरून लायब्ररी उतरवतं, तेव्हा मात्र पॅक संपतो.

लाइट गेली, राउटर बंद पडला, तर वायरलेस डीबगिंगही बंद होतं. परत चालू केल्यावर पोर्ट नवा मिळतो, कधी आयपीही. पेअरिंग टिकलेलं असतं. फक्त कनेक्ट पुन्हा द्या. राउटरमध्ये फोनसाठी आयपी राखून ठेवला तर निम्मी कटकट जाते.

फोन जोडला गेला, अ‍ॅप उघडलं, पण डेटा येत नाही? अ‍ॅपचा सर्व्हर लॅपटॉपवर चालत असेल, तर कोडमध्ये त्याचा पत्ता लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच यंत्र', असा लिहिलेला असेल. फोनवर लोकलहोस्ट म्हणजे फोनच. १०.०.२.२ हा पत्ता इम्युलेटरपुरता (लॅपटॉपवरच्या आभासी फोनपुरता) आहे. खऱ्या फोनसाठी लॅपटॉपचा आयपी लिहा आणि सर्व्हर ०.०.०.० वर चालवा, म्हणजे तो बाहेरच्या उपकरणांनाही उत्तर देईल. शिवाय अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच अडवलेलं असतं. डीबग बिल्डच्या मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) क्लिअरटेक्स्टची, म्हणजे एनक्रिप्ट न केलेल्या मजकुराची, परवानगी द्या, रिलीज बिल्डमध्ये ती जाऊ देऊ नका.

फोन अँड्रॉइड १० किंवा जुना असेल, तर एकदा केबल लावून 'एडीबी टीसीपीआयपी ५५५५' द्या, केबल काढा आणि त्याच पोर्टवर कनेक्ट करा. फोन रीस्टार्ट झाला की हे पुसलं जातं. या जोडणीत मजकूर एनक्रिप्ट होत नाही, त्यामुळे होस्टेलच्या सामाईक वायफायवर ती उघडी ठेवू नका; काम झालं की 'एडीबी यूएसबी' देऊन बंद करा.