रस्त्याची रिबीन

अध्यक्षांनी माझी ओळख 'निवृत्त प्राध्यापक' अशी करून दिली. 'निवृत्त'वर जोर जरा जास्तच पडला. असो. अर्धा तास दिलाय, त्यातली पाच मिनिटं माइकनं खाल्ली.

कविता तुमच्या ओळखीची आहे, आल्फ्रेड नॉइजची 'द हायवेमन'. १९०६ साली छापून आली, कवी तेव्हा पंचविशीत. इंग्लंडमधल्या बॅगशॉटच्या माळावर एका वादळी रात्री पाइनच्या झाडांतून वारा घोंघावत होता आणि त्या आवाजातून पहिली ओळ सुचली, असं त्यानंच सांगून ठेवलंय. मागच्या रांगेसाठी गोष्ट थोडक्यात. अठरावं शतक. एक घोडेस्वार वाटमाऱ्या, सरायवाल्याची काळ्याभोर डोळ्यांची मुलगी बेस, आणि आडून त्यांचं बोलणं ऐकणारा तबेल्यातला टिम. मग राजाचे शिपाई येतात. आता गंमत बघा. चुगली कुणी केली हे कवी सांगतच नाही! टिमच्या केसांना तो बुरसलेल्या गवताची उपमा देतो, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो.

इथं माझं जुनं दुखणं सांगायलाच हवं. शाळेत प्रश्न आला होता : 'चंद्र म्हणजे भुताळी गलबत' यातला अलंकार ओळखा. गुण एक. मी पानभर लिहिलं. लिहिलं की, आमच्या घरी चंद्र म्हणजे चांदोबा. लिंबोणीच्या झाडामागे लपतो, मामा लागतो, बाळाला जेवू घालायच्या कामी येतो. या कवितेतला चंद्र कुणाचाच मामा नाही. ढगांच्या लाटांवर हेलकावतोय आणि सुकाणूवर माणूस दिसत नाही. अजून घोडेस्वार आलेला नाही, बेस खिडकीत दिसलेली नाही, पण या गोष्टीत धडपणे घरी कुणी पोचणार नाही हे आपल्याला पहिल्या कडव्यातच कळून चुकतं. पेपर परत आला. लाल शाईत : 'रूपक. एवढेच विचारले आहे.' अर्धा गुण! शेजारच्या बाकावरच्या मुलानं 'उपमेचे उदाहरण द्या'ला 'रव्याचा' असं लिहिलं होतं. त्यालाही अर्धाच. म्हणजे मी आणि रवा एकाच मोलाचे. (हसा, हसा, तेव्हा वर्गही हसला होता.) आणि कबूल करतो, पुढं नोकरीभर मीही तोच प्रश्न काढत आलो. तपासायला सोपा जातो.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटे.' म्हणजे मुख्य मुद्दा आत्ताच घ्यायला हवा.

तर रिबीन. माळावरच्या रस्त्याला कवी चांदण्याची रिबीन म्हणतो. आणि बेस खिडकीत काय करत असते? केसांत गडद लाल प्रेमगाठ गुंफत असते. तो येतो तो रस्ता आणि तिच्या केसांतली गाठ, दोन्ही एकाच कापडातली. दुसऱ्या भागात हीच रिबीन जिप्सीची होते, जांभळ्या माळाला वेढे घालू लागते. त्याच रस्त्यानं राजाचे लाल डगलेवाले शिपाई येतात आणि बेसला पलंगापाशी ताठ बांधतात, छातीखाली बंदुकीची नळी लावून. आधी गाठ, मग वेढा, मग दोरी. टापा ऐकू येतात तशी ती त्याला सावध करायला चाप ओढते. ती जाते, तो वाचतो. पहाटे खरं काय ते कळल्यावर वेड्यासारखा उलटा दौडत येतो आणि रस्त्यावरच मारला जातो. रक्तात पडलेला, गळ्याशी लेसचा झुबका. पहिल्यांदा आला तेव्हाही तो झुबका हनुवटीखाली होता, पण तेव्हा आपण त्याची ऐट बघत होतो. कोटही तेव्हापासून वाइनच्याच रंगाचा.

आपल्या काव्यशास्त्रात चंद्र शृंगाराचा उद्दीपन विभाव, म्हणजे तो भाव चेतवणारी गोष्ट, तो इथं भयानक रसाकडे कसा कलतो, ते चहाच्या वेळी विचारा.

फक्त शेवट सांगतो. कवी सुरुवातीचंच कडवं परत आणतो आणि क्रियापद बदलतो. चंद्र गलबत होता, रस्ता रिबीन होता. आता लोक म्हणतात, हिवाळ्याच्या रात्री झाडांत वारा शिरला की चंद्र गलबत असतो, रस्ता रिबीन असतो, तो टापा वाजवत येतो, दार ठोठावतो. खिडकीत बेस असते. अजून ती गाठ गुंफतेच आहे.

हो, हो. उठतोच.