फडकं आधी, पिल्लू नंतर

आजच्या व्याख्यानाचं नाव 'पिल्लाचं वेळापत्रक' असं ठरलंय. तिकडे येतोच. पण आधी फडक्याबद्दल थोडं बोलू द्या, कारण कुत्र्याच्या पिल्लाच्या शू-शीच्या शिकवणीत पिल्लापेक्षा फडकंच जास्त चुकतं.

सतरंजीवर शू झाली की आपण काय करतो? घासतो. घासलं की ओल धाग्यांत मुरते, बाजूला पसरते, आणि वाटीएवढा डाग ताटाएवढा होतो. घासायचं नाही, टिपायचं. जाड कोरडं फडकं ठेवून त्यावर चक्क उभं राहायचं. ओल लागेनाशी होईपर्यंत फडकी बदलत जायचं. दुसरी चूक अमोनियावाल्या क्लीनरची. मुरलेल्या शूलाही अमोनियाचाच वास येतो, म्हणजे आपण स्वतःच्या हाताने तिथे 'स्वच्छतागृह' अशी पाटी लावून ठेवतो! फिनेलने आपलं नाक फसतं, पिल्लाचं नाही. हवं ते एन्झाइमवालं, म्हणजे शूचे घटकच मोडून टाकणारं क्लीनर. तेही मारलं नि लगेच पुसलं तर फुकट. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. गादीत ओल जितकी खोल गेलीय, तितकं तेही खोल जायला हवं. आधी फिनेल मारलं असेल तर पाण्याने काढून टाका, नाहीतर एन्झाइमचं काम अडतं. जुने डाग शोधायला अंधार करून अल्ट्राव्हायलेट टॉर्च फिरवा, पिवळट-हिरवे चमकतात. 'आमच्याकडे एकदाच झालं हो' म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग पाहुण्यांसमोर करू नये. (हशा)

आता पिल्लाचं नाक त्याच्याच शूत घासणारी मंडळी. शू आणि ओरडा यांत पाच मिनिटं गेली असतील, तर पिल्लाच्या लेखी दोन्हींचा काडीचा संबंध नाही. आणि करताना पकडून ओरडलात, तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही. मग बाहेर पट्ट्यावर अर्धा तास ढिम्म, आणि घरात शिरताच सोफ्यामागे! 'त्याला कळतं हो, चेहरा बघा किती अपराधी.' कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासलं. मनाई केलेल्या खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांना मालक रागावले, तर तोच चेहरा त्यांनीही केला. तो चेहरा तुमच्या आवाजाला दिलेलं उत्तर असतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर वेळापत्रक, धावत.

ढोबळ हिशेब: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते जास्तीत जास्त रोखू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही झोपेत. जागं असताना दर तासाला न्या. उठलं की लगेच, खेळ थांबला की लगेच, खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत. पोटात अन्न पडलं की आतडं हलतं. जागा एकच, पट्ट्यावर, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. झाल्यावर दोन सेकंदांत खाऊ, तिथेच. घरात येऊन दिलात तर ते घरात शिरल्याचं बक्षीस ठरतं. आणि लगेच आत ओढू नका. 'केलं की फिरणं संपतं' हे पिल्लू फार पटकन ओळखतं, मग रोखून धरतं. काहीच झालं नाही तर आत आणून पट्टा आपल्या कमरेला बांधा, दहा मिनिटांनी परत बाहेर.

झोपायचा पिंजरा पिल्लाला उभं राहता, वळता, आडवं होता येईल इतकाच. मोठा असेल तर एका कोपऱ्यात शू, दुसऱ्यात झोप. दिवसा पाणी तोडू नका. लसी पूर्ण होईपर्यंत परकी कुत्री फिरतात ती जागा टाळा. घरात वर्तमानपत्रावर शू करायला शिकवण्याबद्दल विचारलंय: शेवटी बाहेरच न्यायचं असेल तर नको, दोनदा शिकवावं लागतं. पाहुणा दिसल्यावर आनंदाने सुटणारी शू वेगळी. तिथे ओरडायचं नाही, वाकून कुरवाळायचंही नाही. आणि शिकलेलं पिल्लू एकाएकी थेंब-थेंब, सारखं सारखं करू लागलं तर वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

हो, त्या बाईंचा हात मघापासून वर आहे. सतरंजी ना? टिपायची.