सांधा गाडीनेच बदलावा म्हणून

मित्रहो, खऱ्या रेल्वेत रुळांचा सांधा बदलणे हे सांधेवाल्याचे काम. आपल्या टेबलावरच्या रेल्वेत मात्र सांधेवालाही आपणच आणि ड्रायव्हरही आपणच, त्यामुळे एका गाडीकडे लक्ष असताना दुसरीकडचा सांधा उलटा राहून गेला की इंजिन रुळावरून घसरलेच म्हणून समजा. जिथे दोन मार्ग येऊन एक होतात, तिथे येणाऱ्या गाडीनेच आपला सांधा लावून घ्यावा, यासाठी वायरिंग कसे करायचे एवढेच आज सांगणार आहे.

हा एचओ मापाचा, म्हणजे 16.5 मिलिमीटर अंतराच्या रुळांचा सांधा आहे आणि त्याच्या फळीखाली दोन कॉईलची मोटर आहे. ज्या कॉईलमधून वीज जाईल तिकडे लोखंडी दांडा खेचला जातो आणि त्याच्याबरोबर सरकते रूळही जातात. या कॉईलला ठोसा हवा असतो, सततचा रेटा नव्हे. मीटर लावला तर तिचा रोध साधारण 4 ओहम भरतो, म्हणजे 18 व्होल्टला साडेचार अँपिअर, म्हणजेच 81 वॉट; काडेपेटीएवढ्या वस्तूने ही उष्णता किती वेळ सोसावी? माझी पहिली मोटर अशीच गेली. मी दाबून सोडायच्या बटणाऐवजी घरातल्या दिव्याचे बटण लावले होते, आणि चूक कळली ती वासावरून.

म्हणून मध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, घालायचा. 4700 मायक्रोफॅरडचा, 25 व्होल्टचा कपॅसिटर 100 ओहमच्या, 5 वॉटच्या रेझिस्टरमधून भरू द्यावा. दोन-अडीच सेकंदांत तो भरतो आणि संपर्क जुळताच सेकंदाच्या दहाव्या भागात कॉईलमध्ये रिकामा होतो. नळाची धार बारीक असली तरी भरलेली बादली एकदम उपडी करता येते, तसेच हे. संपर्क जुळलेलाच राहिला, तरी रेझिस्टरमुळे कॉईलमधून 0.17 अँपिअरच्या वर वीज जात नाही.

आता गाडीने हा संपर्क जुळवायचा कसा? तीन रुळांच्या जुन्या अमेरिकन लायनेल गाड्यांत हे सोपे होते: बाहेरच्या एका रुळाचा छोटा तुकडा वेगळा ठेवायचा, म्हणजे धातूची चाके आणि आस तो तुकडा समोरच्या रुळाला जोडून देतात. आपल्या दोन रुळांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली असतात, म्हणून मी इंजिनाच्या पोटाला लहान लोहचुंबक चिकटवतो आणि दोन्ही मार्गांवर, सांध्याच्या अलीकडे वीसेक सेंटिमीटरवर, स्लीपरांच्या मध्ये एकेक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ येताच आपोआप जुळणारा स्विच, बसवतो. रीड स्विच थेट कॉईलला जोडू नये. एवढ्या ठोशाने त्याच्या काचेच्या नळीतल्या पात्या एकमेकींना चिकटून बसतात. त्याने फक्त 12 व्होल्टचा रिले, म्हणजे थोड्या विजेवर चालून मोठा भार जोडणारा स्विच, चालवावा आणि कॉईलचा भार रिलेच्या संपर्कांनी उचलावा. रिलेच्या कॉईलवर उलट दिशेने एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, टाकायला विसरू नये. गाडी नेमकी रीडवरच उभी राहिली तर रिले जुळलेलाच राहतो, पण मघाचा रेझिस्टर असल्यामुळे मोटरला धोका नसतो.

एक खोच राहते. गाडी मागे ढकलत आणली तर डबे आधी सांध्यावर जातात आणि इंजिनाचा चुंबक शेवटी येतो, म्हणून शेवटच्या डब्याखालीही एक चुंबक लावावा. दोन्ही चुंबकांमुळे सांधा दोनदा हलेल अशी शंका येईल. पण दोन्ही त्याच मार्गावरच्या रीडवरून जातात, तेव्हा दुसऱ्या वेळी दांडा आधीच जागेवर असतो. समोरून येऊन त्या मार्गावर शिरणाऱ्या गाडीचेही तसेच. सांधा तिच्यासाठी लागलेलाच असतो. मात्र त्या दिशेच्या गाडीने कुठे जायचे हे रीडला कळत नाही, त्यासाठी हातातले बटण ठेवावेच लागते.

सगळे जोडून झाले की गाडी लगेच चालवू नका. चुंबक बोटांत धरून रुळावरून हळू फिरवा आणि फळीखालून टक् असा आवाज येतो का ते ऐका. उलटीच बाजू हलली तर मोटरला हात न लावता दोन कॉईलना जाणाऱ्या वायरींची आपसात अदलाबदल करा.