तिसरा सोमवार

(दृश्य: पगाराची स्लिप, अगदी जवळून. एका ओळीखालून बोट सरकतं.)

4.62 तास. दर पंधरवड्याच्या पगाराबरोबर एवढी रजा खात्यात पडते. वर्षाला असे 26 पगार. सगळे मिळून 120 तास, म्हणजे कामाचे 15 दिवस. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमधल्या या मराठी घरात दोघंही नोकरी करतात आणि दोघंही या ओळीकडे बँकेतल्या शिलकीइतकंच लक्ष ठेवून असतात.

नोकरदाराला भरपगारी रजा द्यायलाच हवी, असा अमेरिकेत केंद्राचा कायदा नाही. किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला ठरवून देणारा 1938 चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट सुट्टीच्या पगाराची सक्ती करत नाही. रजा किती द्यायची, हे कंपनी ठरवते. खासगी नोकरीत एक वर्ष काढलेल्या माणसाला सरासरी दहा-अकरा दिवस मिळतात. कॅलिफोर्नियाचा कायदा त्यातल्या त्यात कडक आहे. इथं कमावलेली रजा हा पगारच समजला जातो. वर्ष संपलं म्हणून ती बुडवता येत नाही आणि नोकरी सुटली तर तिचे पैसे चुकते करावे लागतात. हल्ली बऱ्याच कंपन्या अमर्यादित रजेची भाषा करतात. पण मोजलीच नाही ती रजा साठणार कशी? मोजलेली रजा बरी, असं या घराचं मत आहे. आमचंही.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर लटकवलेलं कालनिर्णय. डिसेंबरची पानं, मग फेब्रुवारीचं पान.)

पंधरा दिवसांतले बहुतेक डिसेंबरातच गेले. पुण्याला तीन आठवडे. आईवडील, एक लग्न, दाताचं राहिलेलं काम आणि पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का. भारताच्या फेरीसाठी रजा जपून ठेवणं हे इथल्या असंख्य मराठी घरांचं ठरलेलं गणित आहे. जास्तीची रजा मागायला जीभ रेटत नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, तर पुढची सोय लावायला त्याच्या हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. हे डोक्यात असलं की माणूस साहेबापुढं जपूनच बोलतो.

मग ज्या देशात दहा-दहा वर्षं राहतो तो देश बघायचा कधी? या पानावर बघा. छापलेल्या तिथी भारतातल्या, हातानं केलेली लाल वर्तुळं अमेरिकेची. फेब्रुवारीचा तिसरा सोमवार. पुढं मे महिन्यातला शेवटचा सोमवार.

ही वर्तुळं सोमवारीच का पडतात, त्याचं उत्तर 1968 मध्ये आहे. त्या वर्षी जून महिन्यात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी युनिफॉर्म मंडे हॉलिडे ॲक्टवर सही केली. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्मदिवस 22 फेब्रुवारीचा, तो तिसऱ्या सोमवारी नेला. युद्धात कामी आलेल्या सैनिकांचा मेमोरियल डे 30 मे रोजी असायचा, तो शेवटच्या सोमवारी गेला. कायदा 1 जानेवारी 1971 पासून लागू झाला. तिसरा सोमवार 15 ते 21 तारखांमध्येच येतो, त्यामुळं वॉशिंग्टन यांच्या जयंतीची सुट्टी आता कधीच त्यांच्या खऱ्या जन्मतारखेला पडत नाही. माजी सैनिकांचा दिवसही सोमवारी नेला होता. तो मात्र लोकांना पटला नाही आणि 1978 पासून पुन्हा 11 नोव्हेंबरला आला. कुटुंबांना एकत्र वेळ मिळावा, लोकांनी प्रवास करावा, देश बघावा, ही कारणं सही करतानाच सांगितली गेली होती. म्हणजे हे दोघं आणि त्यांची मुलगी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात जे करायला निघालेत, त्यासाठीच हा सोमवार काढलेला आहे.

(दृश्य: रात्र. घरासमोरची मोकळी जागा. टॉर्चच्या उजेडात तो टायरपाशी उकिडवा बसलाय. मुलगी टॉर्च धरून उभी.)

बुधवार रात्र. ही आहे टायरची चेन, बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला गुंडाळायची. योसेमिटीच्या रस्त्यांवर हिवाळ्यात चेनची सक्ती लागू झाली की फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनाही ती गाडीत ठेवावी लागते. भाड्यानं गाडी देणाऱ्या अनेक कंपन्या चेन लावू देत नाहीत, म्हणून आपलीच गाडी न्यायची. आणि चेन पहिल्यांदा लावायची ती इथं, घरासमोर. आधी चाकामागून कडं ओढून घ्यायचं, वरचा हूक अडकवायचा, मग खालचा, मग गाडी हातभर पुढं घेऊन पुन्हा ताणायचं. तो तीनदा लावतो, तीनदा काढतो. बर्फात बोटं बधिर झालेली असताना हे शिकत बसलं, तर अख्खी सकाळ रस्त्याच्या कडेला जाते. तीन दिवसांच्या सुट्टीत एक सकाळ वाया घालवणं परवडत नाही.

(दृश्य: ओट्यावर पुऱ्या. स्टीलचा डबा. थर्मास.)

तिखटमिठाच्या पुऱ्या. तीन दिवस टिकतात, गाडीत हात बरबटत नाहीत.

ती म्हणते, "लोक विचारतात, एवढ्या थंडीत कशाला जाता? अहो, पण सोमवार फेब्रुवारीतच मिळतो ना!"

(दृश्य: पाचेको पास. हिरव्या टेकड्या, खाली सॅन लुइस जलाशय, मावळता उजेड.)

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा. चारच तास खर्ची घातले, पण गाडी तीनच्या आत हायवेला लागली. पाच वाजता निघाले असते, तर हे पाणी दिसलंच नसतं, दिसले असते पुढच्या गाड्यांचे लाल दिवे. मुक्काम मर्सेडला.

(दृश्य: सकाळ. दुतर्फा बदामाच्या बागा, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेल्या. झाडांच्या ओळीत लाकडी पेट्या. पेटीच्या तोंडाशी मधमाश्या.)

हे कुणाच्या यादीत नव्हतं. फेब्रुवारीच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतला बदाम फुलतो. फुलोरा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. जगातला सुमारे 80 टक्के बदाम याच राज्यात पिकतो, आणि बहुतेक झाडांना फळ धरायला शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडाचे पराग लागतात. ते काम माश्यांचं. त्यासाठी देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांवर लादून इथं येतात, फुलोरा सरला की दुसऱ्या पिकांकडं जातात. जवळून बघा, माशीच्या मागच्या पायांना पिवळ्या परागांचे गोळे चिकटलेत. मुलगी दहा मिनिटं या एका पेटीपासून हलली नाही. थोडं अंतर राखून, अर्थातच.

(दृश्य: डोंगराळ रस्ता. मारिपोसा गाव. मग मर्सेड नदीची खिंड.)

मारिपोसा. 1851 मध्ये याच नावाची पलटण वर योसेमिटीच्या दरीत शिरली आणि तिनं तिथल्या मूळ रहिवाशांना, अहवाहनीची लोकांना, हुसकावून लावलं. पुढं 1864 मध्ये लिंकन यांच्या सहीनं दरी राखीव झाली आणि 1890 मध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यान झालं.

140 क्रमांकाचा हा रस्ता नदीला धरून चढतो. दरीत जाणाऱ्या वाटांपैकी हा कमी उंचीवरून जातो, म्हणून हिवाळ्यात याचाच भरवसा. पण घाट तो घाटच. 2006 मध्ये फर्ग्युसन इथं दरड कोसळली, रस्ता गाडला गेला आणि तात्पुरते पूल टाकून वाहतूक नदीच्या पलीकडच्या काठानं वळवावी लागली. आपल्याकडच्या घाटांत जन्म गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य: आर्च रॉक प्रवेशद्वार. गाडी एकमेकांवर रेललेल्या प्रचंड शिळांखालून जाते. वळण. समोर एल कॅपिटन.)

(इथं निवेदन नाही. फक्त गाडीतले आवाज.)

दरीच्या तळापासून सुमारे 3,000 फूट सरळ उभा ग्रॅनाइट. याच कड्याच्या पूर्वेच्या अंगाला, वरून खाली ओघळलेली ही पुसट रेघ दिसते? तो हॉर्सटेल फॉल. सुमारे दीड हजार फुटांचा, पण अंगानं बारीक. वर्षातला बराच काळ तो कोरडाच असतो. वर साठलेलं बर्फ वितळू लागलं की वाहतो. आणि फेब्रुवारीच्या मधल्या-शेवटच्या दिवसांत मावळतीचा सूर्य असा कोन साधतो, की आजूबाजूचा कडा सावलीत जातो आणि एवढ्या एका धारेवरच ऊन उरतं. पाणी पेटल्यासारखं दिसतं. लोक याला फायरफॉल म्हणतात.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. ग्लेशियर पॉइंटवरून कोसळणारे निखारे.)

हे नाव मात्र खऱ्या आगीवरून आलंय. 1872 मध्ये जेम्स मॅकॉली नावाच्या माणसानं समोरच्या ग्लेशियर पॉइंटवरून शेकोटीचे निखारे खाली लोटले. खालच्या लोकांना ते आवडलं. 1899 मध्ये डेव्हिड आणि जेनी करी यांनी दरीत तंबूंची वस्ती थाटली, आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी हा खेळ पुढं नेमानं होऊ लागला. उन्हाळ्यात रात्री नऊच्या सुमाराला खालून हाक जायची आणि वरून रेड फर नावाच्या झाडाच्या सालींचे धगधगते निखारे ओतले जायचे. 3,000 फुटांहून उंचावरून. ते बघायला इतकी गर्दी व्हायची की खालची कुरणं तुडवली जायची. शेवटी राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी हा प्रकार थांबवला. जानेवारी 1968 मध्ये. सोमवारच्या सुट्ट्यांचा कायदा आला तो त्याच वर्षी. माणसानं केलेली आग विझली. हॉर्सटेल फॉलची आग सुट्टीच्या शनिवार-रविवारी नोकरदारांच्या टप्प्यात आली. छायाचित्रकार गॅलन रॉवेल यांनी 1973 मध्ये तिचं रंगीत छायाचित्र टिपलं आणि मग हा धबधबा जगाला माहीत झाला.

(दृश्य: शनिवार संध्याकाळ. ढग. तिपायांवर लावलेले कॅमेरे, उभी माणसं.)

आज ढग आहेत. पाणी, ऊन आणि स्वच्छ पश्चिम, तिन्ही एकाच वेळी जुळावं लागतं. आज पश्चिम नाही. सहाच्या सुमाराला लोक दिवे लावून परत चालू लागले.

म्हणूनच हा सोमवार मोलाचा. नेहमीच्या शनिवार-रविवारी आलेला माणूस आता रिकाम्या हातानं परतणार, उद्या संध्याकाळी थांबला तर मध्यरात्री घरी पोचणार. यांच्याकडं उद्याची संध्याकाळही आहे. तीन दिवसांत योसेमिटी, लेक टाहो आणि जाता-जाता सॅक्रामेंटो असे बेत आखणारे कितीतरी लोक आम्हाला भेटले. त्यांची रजा यांच्याएवढीच, पण त्यांचे तिन्ही दिवस गाडीच्या काचेतून जातात. थोडक्या रजेत एकच जागा धरावी, तिथंच रेंगाळावं आणि पुढच्या सोमवारी, जमलं तर, पुन्हा तिथंच यावं. या दोघांनी हे ठरवून घेतलंय.

(दृश्य: रविवार सकाळ. लोअर योसेमिटी फॉलचा पूल, झाडांवर बर्फ. मुलगी हातमोजा काढून बर्फाला हात लावते, पटकन मागं घेते.)

रविवारी सकाळपासून आभाळ निळं.

(दृश्य: दुपार. नॉर्थसाइड ड्राइव्हवरून पायी निघालेली रांग. पाठीवर सॅक, हातात घडीच्या खुर्च्या.)

या दिवसांत गाड्या योसेमिटी फॉल्सपाशी ठेवून जायला दीड मैल आणि यायला दीड मैल चालावं लागतं. नदीकाठचा दुसरा रस्ता पायी जाणाऱ्यांना बंद असतो. 2022 मध्ये 19 फेब्रुवारीला एकाच संध्याकाळी दोन हजारांहून जास्त माणसं जमली, नदीचे काठ आणि तिथला झाडोरा तुडवला गेला, म्हणून हा नियम. 2024 आणि 2025 मध्ये फेब्रुवारीतल्या शनिवार-रविवारी आरक्षणही लागलं.

तीन वाजता जागा धरली. पुऱ्या निघाल्या, थर्मास निघाला.

सव्वापाच. कडा करडा होत आला. फक्त वरचा पूर्वेचा पट्टा अजून सोनेरी.

(दृश्य: पाच चोवीस ते पाच एकोणचाळीस. हॉर्सटेल फॉल. पिवळा, नारिंगी, लाल. निवेदन नाही, मूळ आवाज. मुलीचं वाक्य राहू द्यावं: "बाबा, ते खरंच पाणी आहे?" मग कॅमेरा लोकांच्या चेहऱ्यांवर, शेवटी आईच्या.)

(दृश्य: सोमवार सकाळ. मारिपोसातलं मोटेल. ढकलगाडीवर चादरी.)

सोमवारची सुट्टी सरकारी. खासगी मालकावर तिची सक्ती नाही. खोल्या आवरणाऱ्या या बाई आज कामावर आहेत, मोटेलचे गुजराती मालकही. खोलीचं भाडं सुट्टीमुळं वाढलेलं, परतीच्या वाटेवर गर्दी, आणि मंगळवारी सकाळी नऊला दोघांच्याही मीटिंगा.

(दृश्य: मोबाइलवर आरक्षणाची पावती, जवळून.)

पुढचं वर्तुळ मेमोरियल डेचं. मे महिन्याअखेर योसेमिटी फॉल्सला भरपूर पाणी असतं. त्या दिवसांतली दरीतली तंबूची जागा पाच महिने आधी सुटते, महिन्याच्या 15 तारखेला, कॅलिफोर्नियातल्या सकाळच्या 7 वाजता. या जागा बघता बघता संपतात. 15 डिसेंबरला हे पुण्यात होते. तिथं रात्रीचे साडेआठ वाजलेले, लग्नघर, पंगत बसलेली. ती मोबाइल घेऊन गच्चीवर गेली आणि सात मिनिटांनी खाली आली. अपर पाइन्स, तीन रात्री. हिवाळ्यात बर्फामुळं बंद असणारा टायोगा रोड तोवर उघडला तर वरच्या कुरणांपर्यंत जाणार, नाहीतर दरीतच राहणार.