पत्रा, धुम्मस आणि बिनबुडाची बादली

[दृश्य : डोंगरउतारावरचं गाव, डोको (पाठीवरची बांबूची टोपली) घेऊन चढणारी माणसं]

२५ एप्रिल २०१५. ७.८ तीव्रतेच्या भूकंपात नेपाळच्या डोंगरी गावांतली दगडमातीची घरं जमीनदोस्त झाली. पुन्हा बांधायचं, तर सिमेंट आणि वाळू वर न्यायची कशी? रस्ता संपला की पुढे सगळी मदार पाठीवरच्या टोपलीवर. म्हणून काही ठिकाणी जागेवरचीच माती पोत्यांत भरून भिंती रचल्या गेल्या.

हे तंत्र जगभर पोहोचवलं इराणमध्ये जन्मलेले वास्तुविशारद नादेर खलीली यांनी. १९८४ साली त्यांनी ते चक्क चंद्रावरच्या वस्तीसाठी सुचवलं होतं! अवजारं मात्र भंगारातून निघतात.

[दृश्य : डब्यात काँक्रीट ओतणारे हात]

पहिलं धुम्मस, म्हणजे पोत्यांतली माती ठोकून बसवायचं अवजार. वीतभर रुंदीचा प्लास्टिकचा डबा घ्या. लाकडी दांड्याच्या टोकाला आडवेतिडवे खिळे अर्धवट ठोका, दांडा डब्यात उभा धरा आणि काँक्रीट ओता. खिळे नसले, तर दांडा राहील हातात आणि गोळा भिंतीवर. आठवडाभर पाणी मारा. वजन पाच-सहा किलो पुरे. उगाच जड केलंत, तर दुपारपर्यंत खांदे भरून येतात.

पोत्यांचा अख्खा थर रचून झाला की ठोकायला घ्यायचं, आणि कान उघडे ठेवायचे. आधी धप्प-धप्प ऐकू येतं; माती बसली की आवाज टणक होतो. तिथे थांबा.

[दृश्य : काटेरी तारेवर ठेवलेला पत्रा]

दोन थरांमध्ये काटेरी तारेच्या दोन रांगा असतात. पोती एकमेकांना धरून ठेवते ती हीच तार. पण भरलेलं पोतं तारेवर टेकलं, की तसूभर हलत नाही. म्हणून तेलाचा डबा कापून पत्रा करायचा, धारदार कडा दुमडायच्या. पोतं पत्र्यावर ठेवा, हवं तसं सरकवा, मग पत्रा झटक्यात ओढून घ्या. या सगळ्यांत सर्वांत अक्कलहुशारीचं अवजार मला हेच वाटतं.

बूड कापलेली बादली पोत्याच्या तोंडात बसवली, की एकटा माणूस घमेल्याने पोतं भरू शकतो. पातळी बघायला गवंड्याची पाण्याची नळी आहेच.

काटकसर अवजारांत करा, तारेत नको. आणि प्लास्टर होईपर्यंत भिंत ताडपत्रीखाली झाकून ठेवा. प्लास्टिकची पोती उन्हात काही महिन्यांतच विरतात.